कॅमेऱ्याला ऐकू येत नाही

प्रिय चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. उत्तर इटलीतल्या बोल्झानोला डिझाइन शिकायला जाऊन जेमतेम एक सत्र झालं आणि ‘दुभाषिक गावातली कला आणि रोजचं जगणं’ असा दांडगा विषय प्रकल्पाला घेऊन बसलास, याचं कौतुक वाटलं. फोटो स्वच्छ आहेत. उजेड तुला कळतो. पण निम्म्याहून जास्त फोटो पाट्यांचे आहेत. दोन भाषांतली रस्त्याची पाटी, दोन भाषांतला बसथांबा, दोन भाषांतलं ‘कुत्र्याला साखळी लावा’. आणि त्या एका फोटोत डावीकडे हिरवी टोपी घातलेले आजोबा, उजवीकडे काळा गॉगल लावलेली बाई, मधोमध खांब. खाली ओळ लिहिलीस, ‘दोन संस्कृती’.

त्या बाईची भाषा तुला कशी कळली रे? विचारलंस तिला?

नसणार विचारलं. गॉगल म्हणजे इटालियन आणि पिसाची टोपी म्हणजे जर्मन, असा हिशोब तू मनातल्या मनात केलास. मी त्या गावात राहिले तेव्हा पहिले काही महिने सगळे नवखे फोटोग्राफर हाच फोटो काढताना पाहिले. खांबसुद्धा बहुधा तोच असावा. म्हणून या पत्रात मला मुख्यतः एकच सांगायचंय: कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. माणूस बोलतोय हे फोटोत दिसतं, कुठल्या भाषेत बोलतोय ते दिसत नाही. तुझ्या विषयाचा अर्धा भाग कानाचा आहे आणि तुझ्या हातातलं यंत्र ठार बहिरं आहे. यातून वाट काढायची म्हणजे कपड्यांवरून, चेहऱ्यावरून, दाढीवरून भाषा ओळखायची नव्हे. भाषा खरोखर कुठे डोळ्यांना दिसते ते शोधायचं आणि तिथं ठाण मांडून उभं राहायचं.

आधी जरा आकडे बघ, म्हणजे अंदाज का करायचा नाही ते पटेल. २०११च्या जनगणनेत बोल्झानो शहरात सुमारे ७४ टक्के लोकांनी आपला भाषिक गट इटालियन सांगितला, २५ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांनी जर्मन, आणि एक टक्क्याहूनही कमी लोकांनी लादीन, म्हणजे तिथल्या डोंगरी दऱ्यांतली तिसरी भाषा. बोल्झानो ज्यात येतं त्या आख्ख्या दक्षिण टिरोल प्रांताचं चित्र नेमकं उलटं, तिथं जर्मन ६९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शहरात जो बहुसंख्य, तोच दरीतून बसनं थोडं वर गेलं की अल्पसंख्य. दोन्हीकडच्या माणसांना ‘आपलीच बाजू दबलेली आहे’ असं वाटू शकतं आणि दोघांचंही अगदीच खोटं नसतं.

शिवाय तिथं भाषा ही कागदावर जाहीर करायची बाब आहे. १९७२च्या स्वायत्तता कायद्यानं सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात, आणि त्या मिळवायच्या तर दोन्ही भाषा येतात असं प्रमाणपत्र लागतं. इटालियन शाळा वेगळ्या, जर्मन शाळा वेगळ्या. आई एका भाषेची आणि बाप दुसऱ्या, अशी घरं तिथं आहेतच. त्या घरातल्या मुलाला फॉर्मवरच्या चौकटीत एकच खूण करताना आधीच विचार पडतो. तू फोटोखाली त्याच्यावर आणखी एक खूण करू नकोस.

आडनावावरूनही जाऊ नकोस. डोमिनिकन चर्चमधलं सेंट जॉनचं चॅपल पाहिलंस का? चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते रंगवलं गेलं, जोत्तो या इटालियन चित्रकाराच्या परंपरेतल्या चित्रकारांकडून. त्यामागे पैसा होता फ्लॉरेन्सहून आलेल्या रॉस्सी नावाच्या सावकार घराण्याचा. तेच घराणं पुढं बोल्झानोत ‘बोच’ या जर्मन वळणाच्या नावानं नांदलं. आल्प्सच्या खिंडीतून व्यापार चालायचा, तोंडात दोन्ही भाषा असायच्या, पैसे मोजताना कुणी भाषा विचारत नसे. हे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं.

(आपण सीमाभागाच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं. पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, हे बेळगावमुळे आपल्याला आपोआप दिसतं. हा डोळा तिथं थोडा कामाला येतो, पण थोडाच. तिथल्या भांडणाला स्वतःचा इतिहास आहे आणि त्यातलं बरंचसं भांडण कायद्यानं कागदावर आणून गार केलंय. आपला राग तिथं उसना नेऊ नकोस.)

तर मग भाषा डोळ्यांना कुठे दिसते? जिथं कुणीतरी ती मुद्दाम दगडात कोरली, किंवा दिव्यांनी उजळून ठेवली, तिथं. म्हणजे सार्वजनिक कलेत. बोल्झानोचे पुतळे आणि स्मारकं म्हणजे सव्वाशे वर्षांचं जाहीर भांडण आहे, आणि त्या भांडणासमोरून लोक भाजीच्या पिशव्या घेऊन, मुलांना सायकलवर बसवून, फोनवर बोलत रोज जातात. तुझा विषय तिथं आहे. एकटा पुतळा हे पोस्टकार्ड झालं आणि एकटा माणूस कुठल्याही गावचा असू शकतो. दोघं एका चौकटीत आले की बोल्झानो.

वाल्टर चौकातला वाल्टर घे. मध्ययुगातला जर्मन कवी, वाल्टर फॉन डेर फोगलवाइडे. हाइनरिश नाटरनं लासच्या पांढऱ्या संगमरवरात घडवलेला हा पुतळा १८८९मध्ये उभा राहिला. तेव्हा गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. दक्षिणेला त्रेंतो, तेही तेव्हा ऑस्ट्रियाकडेच. तिथल्या इटालियन लोकांनी १८९६मध्ये आपला दान्ते उभा केला, उत्तरेकडे हात उचललेला. कवींना असं समोरासमोर उभं केलं गेलं. पहिल्या महायुद्धानंतर सगळा प्रदेश इटलीला मिळाला आणि १९३५मध्ये मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी वाल्टरला चौकातून उचलून एका बागेत नेऊन ठेवलं. तो चौकात परत आला १९८१ साली. आज त्याच्या पायथ्याशी पर्यटक आइस्क्रीम खातात. तू काढलेला वाल्टर दुपारी बाराचा आहे, आभाळ निळंशार, एक माणूस नाही. पांढरा संगमरवर भर उन्हात पार धुऊन जातो, नाकडोळे उरत नाहीत. नाताळच्या बाजाराचे स्टॉल लागतात ना त्या चौकात, ते ठोकत असतात किंवा उतरवत असतात तेव्हा पहाटे जा. उजेड सपाट असतो, कामगार फळ्या वाहत असतात आणि कवी वरून बघत असतो. बाजार भरल्यावर मात्र तिथं फिरकू नकोस, सगळं जग तोच फोटो काढत असतं.

आता तालफर नदीवरचा पूल ओलांड. इटालियनमध्ये ती तालव्हेरा. पुलाच्या अलीकडे जुनं गाव, पलीकडे फॅसिस्ट काळात वसवलेलं नवं. पुलाच्या तोंडाशीच विजयस्मारक. वास्तुकार मार्चेल्लो पिआचेन्तिनीचं काम, १२ जुलै १९२८ला उद्घाटन झालेलं. खांब फॅसिस्टांच्या चिन्हासारखे, काठ्यांच्या मोळीचे. दर्शनी भागावर लॅटिनमध्ये कोरलंय की इथं पितृभूमीची सीमा आहे, आणि इथून आम्ही इतरांना भाषा, कायदे आणि कला यांचे संस्कार दिले. आपल्याच गावात राहणाऱ्या माणसाला हे रोज वाचायला लावायचं म्हणजे काय, विचार कर. वर्षानुवर्षं त्याला कुंपण होतं. २००१मध्ये नगरपालिकेनं चौकाचं नाव विजयाऐवजी शांतता असं केलं. पुढच्या वर्षी लोकांनी मतदान घेऊन जुनं नाव परत आणलं. शेवटी २०१४मध्ये एक शहाणा तोडगा निघाला. स्मारकाच्या तळघरात त्या काळाचा, फॅसिस्ट आणि नाझी अशा दोन्ही हुकूमशाह्यांचा इतिहास सांगणारं प्रदर्शन उघडलं आणि वर एका खांबाला अंगठी घालावी तशी एलईडी अक्षरांची कडी बसवली. स्मारक पाडलं नाही, झाकलंही नाही. त्याच्याच अंगावर उत्तर लिहिलं.

तू या स्मारकाचा फोटो समोरून, मधोमध, उभ्या रेषा अगदी ताठ ठेवून काढलास. पिआचेन्तिनीला तो फार आवडला असता. त्याला जसं दिसावंसं वाटत होतं तसंच तू दाखवलंस. अशा वास्तूचं असंच असतं, समोर मध्यावर उभं राहिलं की आपण तिचे हुकूम पाळायला लागतो. जरा बाजूला सरक. शनिवारी त्या चौकात आठवडी बाजार भरतो. मोजे, चड्ड्या, चीजचे गोळे, प्लॅस्टिकच्या बादल्या. मोज्यांच्या ढिगाऱ्यामागे उभा राहा, छिद्र एफ-आठच्या पुढे ठेव म्हणजे मोजेही स्पष्ट आणि मागचा लॅटिन लेखही वाचता येईल, आणि गिऱ्हाइकाच्या हाताची वाट बघ. घासाघीस कुठल्या भाषेत चाललीय ते फोटोत येणार नाही. न येऊ दे.

आणि सगळ्यांत महत्त्वाची जागा, जिचा एकही फोटो तुझ्या पाकिटात नाही: न्यायालयाचा चौक. न्यायालयासमोर पूर्वीच्या फॅसिस्ट पक्षाची इमारत आहे, तिथं आता कर आणि वित्त खात्याची कचेरी भरते. तिच्या दर्शनी भागावर छत्तीस मीटर लांबीचं उठावशिल्प आहे, ट्रॅव्हर्टिन दगडाच्या सत्तावन्न तुकड्यांचं. मधोमध घोड्यावर बसलेला मुसोलिनी, हात वर केलेला, आणि सोबत त्याचं घोषवाक्य: विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा. शिल्पकार कोण? हान्स पिफ्राडर, म्हणजे त्याच प्रांतातल्या क्लाउझनचा, जर्मन बोलणारा माणूस. आता सांग, हे शिल्प कुठल्या बाजूचं? त्यातले शेवटचे तुकडे भिंतीवर चढले ते १९५७मध्ये, मुसोलिनी मेल्यावर बारा वर्षांनी. आपल्या सरकारी कामांना नावं ठेवतो आपण!

२०१७मध्ये आर्नोल्ड होल्त्सक्नेश्ट आणि मिकेले बेर्नार्दी या कलाकारांच्या कल्पनेनुसार या शिल्पावर उजळणारी अक्षरं लावली गेली. हाना आरेंट या विचारवंत बाईंच्या म्हणण्यातून घेतलेलं एक वाक्य, इटालियन, जर्मन आणि लादीन अशा तिन्ही भाषांत: आज्ञा पाळण्याचा हक्क कुणालाही नाही. ‘आज्ञा पाळा’ याच्यावरच ते आडवं बसवलंय. तिन्ही भाषा एकाच ओळीत, एकाच मापात. अख्ख्या शहरात तुझ्या विषयाचा याहून नेमका पुरावा नाही.

पण काढायला ते कठीण आहे, म्हणून नीट सांगते. दिवसाउजेडी अक्षरं फिकी पडतात. पूर्ण अंधार झाला की उलट होतं, अक्षरं झळकतात आणि मागचं शिल्प बुडून जातं. मग उत्तर दिसतं, पण कशाला दिलंय ते दिसत नाही. सूर्य गेल्यावर आभाळ निळं असतानाचा थोडासाच वेळ असा असतो की दगड आणि अक्षरं दोन्ही तोलात येतात. त्याच्या बरंच आधी तिपाई लावून तयार राहा आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक फोटो घेत जा, कुठला साधला ते घरी कळेल. शटर मेकॅनिकल ठेव. इलेक्ट्रॉनिक शटरनं एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे उमटतात, आणि छोट्या पडद्यावर ते चटकन लक्षात येत नाहीत. १/५०पेक्षा वेग वाढवू नकोस. आता खरं काम: वाट बघणं. हिवाळ्यात संध्याकाळ लवकर होते, कचेरीचे लोक तेव्हा बाहेर पडत असतात. बगलेत फाइल धरलेला, मफलर गुंडाळत पायऱ्या उतरणारा कारकून त्या वाक्याखालून वर न बघता निघून जातो. १/५०ला तो थोडा हलेल. हलू दे, दगड हलत नाही एवढं पुरे.

हुकमाच्या विषयावर आहोत तर एक सांगते. शिक्षक ‘मालिका करा’ म्हणाले म्हणून बारा सारखे फोटो करू नकोस.

मूझेयॉनबद्दल तू लिहिलंस की आत फोटो काढण्यासारखं काही सापडलं नाही. आधुनिक कलेचं ते संग्रहालय २००८मध्ये आताच्या इमारतीत आलं. त्याची दोन्ही टोकं काचेची आहेत, एक जुन्या गावाकडे उघडणारं, दुसरं नदीकडे. आतली कला बाहेरून आणि बाहेरचं गाव आतून दिसावं म्हणूनच ते तसं बांधलंय. तर काचेजवळ उभा राहा! आत कोण उभं आहे, काचेत कोण उमटलंय आणि पलीकडच्या कुरणात कुत्रा कोण फिरवतंय, या तीन थरांचा फोटो तिथं मिळतो. पोलरायझर काढून ठेव, इथं प्रतिबिंब हवंय. आणि याच संग्रहालयात २०१५मध्ये काय झालं ते माहीत आहे ना? रिकाम्या शॅम्पेनच्या बाटल्या, कागदी चकत्या, सिगारेटची थोटकं असं एका मेजवानीनंतरचं दृश्य मांडलेली कलाकृती होती, दोन इटालियन कलावतींची. रात्री सफाईवाल्यांना वाटलं पार्टी झालीय, त्यांनी चोख कचरा काढला, वर काच-कागद वेगवेगळं करून ठेवलं. जगभर हसू झालं आणि ती कलाकृती पुन्हा मांडावी लागली. मला त्या सफाईवाल्यांचा फोटो फार हवा होता. त्यांना हसण्यासाठी नव्हे. त्या इमारतीत कलेला हात लावून, तिचं वजन उचलून काम करणारी माणसं तीच, आणि कॅटलॉगात ती कधी नसतात. संग्रहालयाकडे रीतसर परवानगी मागून सकाळी उघडण्याआधीचा एक तास मिळतो का बघ. विद्यार्थ्याला मिळू शकतो.

जुन्या भित्तिचित्रांसाठी तालफरच्या काठाकाठानं चालत रुंकेलश्टाइनच्या किल्ल्यावर जा. निक्लाउस फिंटलर आणि त्याच्या भावानं १३८५मध्ये तो विकत घेतला आणि भिंती रंगवून घेतल्या. देवादिकांची चित्रं फारशी नाहीत. शिकार, खेळ, प्रेमकथा, ट्रिस्टानची गोष्ट हिरवट एकरंगात. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या श्रीमंतांचं रोजचं जगणं, किंवा त्यांना जसं हवं होतं तसं. उत्तरेकडची एक भिंत १८६८मध्ये कड्याबरोबर कोसळली, चित्रांसकट. फ्लॅश कुठेच नाही, हे तुला सांगायला नको. आयएसओ वाढव आणि दाणे येऊ दे, जुन्या गिलाव्याला दाणे शोभतात.

रोजच्या जगण्यातलं मी तुला एकच काम देते, कारण बाकीचं तू फिरता फिरता करशीलच. लाउबन, म्हणजे पोर्तिची, ही जुन्या गावातली कमानींची गल्ली पूर्व-पश्चिम जाते. दुपारी तिच्या मधोमध उन्हाची पट्टी पडते आणि कमानींखाली निळसर सावली, दुकानांचे दिवे पिवळे. तीन रंगांचा उजेड एका चौकटीत. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलास तर दर फोटोत दगडाचा रंग बदलेल, तेव्हा तो ठरवून पक्का कर. आता गंमत अशी की पुलापलीकडच्या फॅसिस्ट काळातल्या रस्त्यालाही, कोर्सो लिबेर्तालाही, कमानीच आहेत. नव्या गावानं जुन्या गावाचीच नक्कल केली, फक्त मापं सरकारी. ३५ मिमीची एकच लेन्स घे. एका संध्याकाळी इकडच्या कमानींखाली, दुसऱ्या संध्याकाळी त्याच वेळी तिकडच्या. लोक दोन्हीकडे तेच करत असतात: चालतात, थांबतात, ओळखीच्याला गाठून तास घालवतात, पोरं खांबांभोवती पळतात. दोन्ही ढीग एकत्र पिसून माझ्याकडे पाठव आणि कुठला कुठचा ते लिहू नकोस. मला ओळखू येतात का बघू.

सकाळी बाजारचौकात, ऑब्स्टमार्क्ट म्हण की पिआत्सा एर्बे म्हण, फळंभाजीवाले मांडामांड करताना गाठ. तिथं त्रिशूळधारी नेपच्यूनचं कारंजं आहे, त्याला गावकरी गमतीनं ‘काटेचमचावाला खानावळमालक’ म्हणतात. कॅफेत उभ्या उभ्या कॉफी प्यायला शीक. ‘डोलोमिटेन’ हे जर्मन आणि ‘आल्तो आदिजे’ हे इटालियन दैनिक शेजारीशेजारी पडलेलं असतं. कोण कुठलं उचलतं ते बघत राहा. दुकानदार पहिला शब्द एका भाषेत टाकतो आणि समोरच्याच्या उत्तरावरून सहज दुसरीत जातो, तेही बघ. याचा फोटो नाही होत. वहीत लिही. असल्या नोंदींची वही फोटोंबरोबर ठेवायची, प्रदर्शनात टेबलावर उघडी ठेवायची. बहिऱ्या यंत्राचा तेवढाच कान.

लोकांचे फोटो काढण्याबद्दल. तू विचारलंस, रस्त्यावर काढलेला चेहरा छापता येतो का. मी वकील नाही, पण इतकं पक्कं माहीत आहे की इटलीच्या १९४१च्या कॉपीराइट कायद्यात, ९६व्या कलमात, माणसाचं छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय प्रदर्शित करू नये असं आहे, आणि ९७व्या कलमात अपवाद आहेत: प्रसिद्ध व्यक्ती, सार्वजनिक प्रसंग वगैरे. बाजारातली गर्दी वेगळी, गर्दीतून ओढून काढलेला एक चेहरा वेगळा. विचारत जा. काढण्याआधी विचारणं जमलं नाही तर काढल्यावर लगेच जाऊन दाखव. मोडक्यातोडक्या इटालियननं सुरुवात कर, समोरचा हसून त्याला सोयीची भाषा निवडेल. नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाक. इमारतींचंही लक्षात ठेव. तिथं वास्तुकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं चालतो आणि पिआचेन्तिनी १९६०मध्ये वारला. अभ्यासाला हरकत नाही, पण त्याच्या स्मारकाची भेटकार्डं छापून विकायचं मनात आलं तर आधी जाणकाराला विचार.

डोंगर. डोंगराचे फोटो तू पाठवले नाहीस याचा मला आनंद झाला, पण काढलेत हे मला माहीत आहे. कोण राहतं काढल्याशिवाय! रोझेनगार्टनचा कडा गावाच्या पूर्वेला, त्याचं तोंड पश्चिमेला. म्हणून गाव सावलीत बुडाल्यावरही तो गुलाबी पेटलेला राहतो. लादीन लोक या गुलाबी पेटण्याला एनरोसादीरा म्हणतात. लाउरीन राजानं आपल्या गुलाबांच्या बागेला शाप दिला की ती दिवसा दिसू नये, रात्री दिसू नये, आणि संध्याकाळ सांगायची राहिली, अशी तिथली कथा. कथा सुंदर आहे आणि फोटो कॅलेंडरवर हजारदा छापून झालाय. याच गावात १९५२मध्ये जन्मलेल्या वाल्टर निडरमायरची छायाचित्रं ग्रंथालयात मागून बघ. त्यानं डोंगर मुद्दाम फिके, जवळजवळ पांढरे ठेवले, दोन-तीन चौकटी शेजारी लावल्या की सांधे किंचित चुकतात, आणि बर्फात माणसं मुंग्यांएवढी, पण असतातच: स्कीवाले, दोरीचे पाळणे, वाहनतळ. त्यानं गुलाबी रंग नाकारला म्हणून त्या डोंगरांत आज कोण काय करतं ते दिसलं. तू कडा काढायचाच असेल तर गुलाबी व्हायच्या वेळी कड्याकडे पाठ कर आणि तालफरच्या पुलावर थांबून कड्याकडे फोन रोखलेली माणसं काढ. त्यांच्या तोंडावर तो रंग येत नाही, ते आधीच सावलीत असतात. कड्याच्या आणि गावाच्या उजेडात तेव्हा बरीच तफावत असते, म्हणून दोन्ही एकत्र धरायचा हट्ट सोड.

एक गोष्ट तुझ्या यादीत नाही. ‘दोन भाषा’ म्हणताना तू शहरातल्या बऱ्याच लोकांना गाळलंस. अल्बानियाची, मोरोक्कोची, पाकिस्तानची माणसं तिथं पिढीभर राहताहेत. तुलाही रस्त्यावर आधी पाकिस्तानीच समजतील, समजू दे. त्यामुळे स्टेशनाजवळच्या कबाबवाल्याशी हिंदी-उर्दूत गप्पा मारता येतील, ज्या तिथल्या कुठल्याच फोटोग्राफरला जमत नाहीत. त्याची पोरगी शाळेत जर्मन की इटालियन, हा प्रश्न त्याच्या घरात कसा सुटला ते विचार. तिथं राहून मला सगळ्यांत जास्त त्या दुकानांच्या काउंटरवर शिकायला मिळालं. फोटो लगेच काढू नकोस, चार वेळा जेव आधी.

फोटोखालच्या ओळींचं सांगून थांबते. जागेची दोन्ही नावं लिही, तारीख लिही, वेळ लिही. पुतळा असेल तर कुणी, कधी, आणि हलवला असेल तर कधी हलवला. माणूस असेल तर तो काय करतोय एवढंच, आणि भाषा फक्त त्यानं स्वतः सांगितली असेल तर. ‘दोन संस्कृती’, ‘संगम’, ‘सीमेवरचं गाव’ हे शब्द मी पुढच्या पाकिटात पाहिले तर पाकीट परत येईल.

शनिवारच्या बाजाराचे फोटो आधी पाठव. निवडून नको, कार्डावरचे सगळे, क्रमानं. तू कुठं कंटाळलास ते मला बघायचंय. थंडीत सुटी बॅटरी आतल्या खिशात ठेव. आणि आईला फोन कर. ती मला विचारते तू जेवतोस का, आणि मी दर वेळी हो म्हणून सांगते.

तुझी,
ताई